घराआधी खड्डा

महाराष्ट्राचा फार मोठा भाग बेसॉल्ट नावाच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडत राहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. पुढे ऊनपावसाने हा पाषाण वरून कुजत गेला. त्यामुळे पठारावर कुठेही खणले तरी क्रम बहुधा तोच सापडतो. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कच्चा खडक आणि शेवटी पाषाण. क्रम ठरलेला असला तरी जाडी ठरलेली नसते. माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तर तापी-पूर्णेच्या खोऱ्यात कित्येक मीटर खणूनही माती संपत नाही. दोन गुंठ्यांच्या एकाच प्लॉटमध्ये एका कोपऱ्यात हातभर खोलीवर मुरूम आणि समोरच्या कोपऱ्यात पुरुषभर काळी माती, असेही आढळते. पूर्वी तिथून ओहोळ वाहत असला की असे हमखास होते. घराचा पाया, सेप्टिक टँकचा शोषखड्डा आणि अंगणातली बाग ही तिन्ही कामे वरच्या या दोन-चार मीटरांतच होतात. तिन्ही कामांत पहिला प्रश्न एकच असतो: ही माती पाण्याचे काय करते?

काळ्या मातीत हा प्रश्न सगळ्यात टोकाला जातो. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात त्या मिटून जमीन वर उचलली जाते. कारण तिच्यातल्या चिकणमातीच्या जातीत आहे. माँटमोरिलोनाइट या खनिजाचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात आणि पाणी गेले की पुन्हा जवळ येतात. शेतीला हा गुण उपकारक आहे. वरची माती भेगांत पडते, खालची फुगून वर येते, आणि जमीन आपोआप उलथीपालथी होत राहते. पाऊस सरल्यावर रब्बीची ज्वारी याच मातीत साठलेल्या ओलीवर उभी राहते. घराच्या बाबतीत मात्र हाच गुण पायाच्या मुळावर येतो.

घर बांधले की त्याखालची माती झाकली जाते. जोत्याच्या मध्यभागी ऊन पोचत नाही, त्यामुळे तिथली ओल उडत नाही. कडेची माती मात्र दर वर्षी वाळते आणि दर वर्षी भिजते. मग फरशी मधोमध फुगते, कडेच्या भिंती उन्हाळ्यात खचतात आणि खिडकीच्या कोपऱ्यांपासून तिरपे तडे निघतात. या तड्यांची ओळख अशी की ते वर्षभर सारखे राहत नाहीत. मे महिन्यात रुंदावतात आणि भाद्रपदात मिटत येतात. गवंडी दिवाळीआधी त्यांत सिमेंट भरून रंग देतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तडा शेजारून निघतो. घरमालकाला वाटते, ठेकेदाराने सिमेंट कमी घातले. पुष्कळदा भिंतीत काहीच उणे नसते. भिंत ज्यावर उभी आहे ते दर मोसमाला हलत असते. यात हलके बांधकाम अधिक सोसते, हे प्रथम ऐकताना खरे वाटत नाही. चार मजल्यांच्या इमारतीचा भार मातीचे फुगणे बऱ्याच अंशी दाबून धरतो. एकमजली घर, कंपाउंडची भिंत, मागची न्हाणी यांचा भार तेवढा नसतो, म्हणून आधी फुटतात ती हीच. ज्याच्याकडे दुसऱ्यांदा बांधायला पैसे नसतात, त्याचेच घर हलके असते. म्हणून मातीची परीक्षा ही मोठ्या इमारतींचीच चैन मानणे फार चुकीचे आहे.

जुन्या गावांनी काळी कसायला आणि पांढरी राहायला, अशी वाटणी केली होती. गावठाण बहुधा उंचवट्यावर, पाणी न साठणाऱ्या जागी असे. पिढ्यान्‌पिढ्यांची राख आणि पडक्या भिंतींची माती साचून ते आणखी उंच होत जाई. तीच पांढरी माती मराठवाड्यात आणि सोलापूरकडे घराच्या सपाट छतावर, म्हणजे माळवदावर, पसरत, कारण ती पावसाचे पाणी खाली उतरू देत नाही. पुढे गावठाण अपुरे पडले, रस्त्यालगतची शेते बिगरशेती झाली आणि प्लॉट काळ्या रानात पडले. जिथे पूर्वी कोणी गोठाही पक्का बांधला नसता, तिथे आज कर्ज काढून घरे उभी राहतात. अशा जागेवर पायाचा खर्च वाढतो, हे प्लॉट घेतानाच हिशेबात धरायला हवे. दर स्वस्त दिसतो त्यामागे कधी कधी एवढेच कारण असते.

माती किती फुगते हे पाहण्याची प्रयोगशाळेतली चाचणी साधी आहे. बारीक चाळलेल्या कोरड्या मातीचे प्रत्येकी १० ग्रॅमचे दोन भाग करायचे, एक पाण्याच्या नळकांड्यात आणि दुसरा रॉकेलच्या नळकांड्यात टाकायचा आणि २४ तास ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती तिच्यापेक्षा किती टक्के जास्त जागा घेते, तो तिचा फुगण्याचा अंक. ५० टक्क्यांच्या आत असला तर चिंता थोडी, १०० च्या वर गेला तर पायाचा विचार मुळापासून करावा लागतो. कामावर मात्र याच्याही आधी हात बोलतो. ओली माती तळव्यात घेऊन तिची दोरी वळायची. मुरमाड मातीची दोरी वळतच नाही, पोयट्याची जाडसर होऊन तुटते आणि काळ्या चिकणमातीची दोऱ्यासारखी बारीक, लांब निघते. बोटांना चिकटलेली माती धुताना साबणासारखी निसटू लागली की जाणता गवंडी पायाची खोली पुन्हा विचारतो.

काळी माती दीड-दोन मीटरांत संपत असेल तर ती काढून पाया मुरमावर टेकवणे हा सरळ उपाय आहे. ‘मुरूम लागला’ हे शब्द ऐकेपर्यंत खणायचे, आणि लागल्यावरही तो पायाच्या सर्व खड्ड्यांत लागला आहे ना हे पाहायचे. अर्धे घर मुरमावर आणि अर्धे काळ्या मातीवर ठेवणे हे संपूर्ण घर काळ्या मातीवर ठेवण्यापेक्षाही वाईट, कारण एक बाजू स्थिर राहते आणि दुसरी हलते. माती खोल असेल तर अंडररीम पाइलचा मार्ग आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने भारतातल्या काळ्या जमिनींसाठी ही पद्धत रुजवली. जमिनीत गोल भोक पाडून त्याचा तळ साधारण अडीचपट रुंद करतात. काँक्रीट भरल्यावर तळाचा हा फुगवटा पाइलला वर उचलू देत नाही. जमिनीत सुमारे ३.५ मीटरांखाली ओलीची चढउतार फारशी पोचत नाही, म्हणून पाइल निदान तेवढा खोल नेतात. त्याच्या माथ्यावरचा बीम मातीला टेकू द्यायचा नसतो, खाली सुमारे ८ सेंटिमीटर पोकळी ठेवतात. हीच पोकळी कामावर सर्वांत आधी विसरली जाते. बीम ओतायला सोपा जावा म्हणून खाली माती ठोकून सपाट करतात, आणि पुढच्या पावसात तीच माती बीम उचलते.

जोत्यातल्या भरावाचा प्रश्न वेगळा. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा दाबलेला थर दिला, तर खालची हालचाल वरपर्यंत येत नाही. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यांवर हे तंत्र वापरले गेले. घराच्या पातळीवर याचा अर्थ असा की जोत्यात मिळेल ते डेब्रिज किंवा नुसती वाळू न भरता मऊ, किंचित चिकट मुरूम १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून आणि धुमसून भरावा. वाळूच्या पोकळ्यांत पाणी साठते, आणि ते हळूहळू खालच्या काळ्या मातीलाच पाजले जाते. घराभोवती निदान मीटरभर रुंदीचा, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा केला तर पायाजवळची ओल वर्षभर बरीच एकसारखी राहते. या पट्ट्याचा खर्च किरकोळ असतो आणि उपयोग सगळ्यात मोठा. तरीही पैसे संपत आले की तोच आधी वगळतात.

हे सगळे ठरवायचे तर जमीन आतून पाहावी लागते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे नकाशे प्रदेशाची कल्पना देतात, पण एका प्लॉटचे उत्तर नकाशात मिळत नाही. काही उत्तरे फुकट मिळतात. शेजारच्या विहिरीत डोकावले तर माती कुठे संपते, मुरूम किती जाड आहे आणि पाणी कोणत्या थरातून पाझरते हे उघड्यावर दिसते. ओढ्याचा काठ आणि रस्त्यासाठी फोडलेली टेकडी हेच सांगतात. गावात बोअर मारणाऱ्याला ‘केसिंग किती फूट गेली’ एवढेच विचारावे. केसिंगचा पाइप कठीण खडक लागेपर्यंतच घालतात, तेव्हा तो आकडा म्हणजे त्या जागेच्या माती-मुरमाची जाडी. शेजारच्या दहा वर्षे जुन्या घराच्या भिंती पाहाव्यात, आणि त्याच्या मालकाला पावसाळ्यात संडास तुंबतो का हे संकोच न करता विचारावे.

तरीही स्वतःच्या जागेवर खड्डा मारण्याला पर्याय नाही. दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत, पायाच्या रेषेच्या थोडे बाहेर, आणि जिथे शोषखड्डा येणार तिथे एक, एवढे खड्डे छोट्या घराला पुरतात. पायाच्या खोलीपेक्षा अर्धा-एक मीटर तरी जास्त खणावे. दीड मीटरच्या पुढे कडांना आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नये. काळी माती बाहेरून घट्ट दिसते आणि भेगेवरून अखंड सुटून अंगावर येते. मजुरांचे जीव अशा खड्ड्यांत गेलेले आहेत. खड्ड्याची एक बाजू खुरप्याने साफ केली की थर वेगवेगळे दिसतात. रंग कुठे बदलतो, मुळे कुठवर गेली आहेत, चुनखडीचे पांढरे खडे कोणत्या खोलीला सुरू होतात, हे टेप लावून लिहून ठेवावे. सर्वांत मोलाची खूण म्हणजे करड्या मातीत उठलेले गंजासारखे तांबूस ठिपके. पावसाळ्यात भूजल जिथवर चढते आणि पुन्हा उतरते, तिथे मातीतल्या लोहाचे असे ठिपके होतात. एप्रिलमध्ये कोरड्या ठणठणीत खड्ड्यातही ते आश्विनातल्या पाण्याची पातळी दाखवतात. जमीन एकाच मोसमात पाहून खरी कळत नाही. शक्य असेल तर तोच खड्डा कुंपण घालून पावसानंतर पुन्हा पाहावा.

खड्ड्याची ही परीक्षा जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वास्तूसाठी जागा पारखताना हातभर खड्डा खणून त्याच मातीने भरायला सांगितले आहे. माती उरली तर जागा उत्तम, पुरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. घट्ट बसलेली माती उकरल्यावर सैल होते आणि उरते, पोकळ भरावाची माती खड्ड्यात दबून कमी पडते. म्हणजे ही घनतेचीच चाचणी झाली. त्याच ग्रंथात खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जाऊन यायला आणि पाणी घटले का ते पाहायलाही सांगितले आहे. पाणी तसेच राहिले तर भूमी प्रशस्त. पायाच्या दृष्टीने हा निकष आजही अगदीच टाकाऊ नाही. शोषखड्ड्यासाठी मात्र तीच जागा निरुपयोगी. पाणी धरणारी माती आणि पाणी सोडणारी माती यांची कामे वेगळी आहेत, आणि एकाच अंगणात दोन्हींची गरज पडते.

खड्ड्यात फसवणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे गोटा. बेसॉल्ट कुजताना कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो आणि आत पाषाणाचा कठीण गोळा उरतो. पहार खणकन वाजते, ‘खडक लागला’ म्हणून काम थांबते आणि कॉलम एका सुट्या गोट्यावर उभा राहतो. शेजारी हातभर अंतरावर पुन्हा पहार मारून पाहिली तर फसगत टळते. दुसरी म्हणजे दोन लाव्हाथरांमधली गेरूसारखी तांबडी पट्टी. ती कोरडी असताना कठीण भासते, पण उघडी पडून भिजली की मऊ होते. बंगल्याच्या पायात ती क्वचित आड येते, पण तळघर किंवा विहीर खणताना हमखास भेटते. तिसरी गोष्ट म्हणजे भराव, आणि शहरांच्या कडेला ही सर्वांत मोठी आहे. जुन्या खाणी आणि नाले डेब्रिजने बुजवून, वर मुरमाचा थर पसरून प्लॉट विकले जातात. वरून तो उत्तम मुरूम दिसतो. खणताना विटांचे तुकडे, प्लास्टिक, कापड निघाले की खालची मूळ जमीन सापडेपर्यंत थांबू नये, मग ती कितीही खोल असो.

दोन-तीन मजल्यांच्या वरचे बांधकाम असेल तर उघडा खड्डा पुरत नाही. तिथे बोअर घेऊन ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडतात आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजतात. या चाचणीचा अहवाल घराच्या एकूण खर्चापुढे नगण्य खर्चात मिळतो. तो न घेता शेजारच्या इमारतीचाच अहवाल जोडून परवानगीची फाइल पुरी करणे हा पायाशी केलेला अप्रामाणिकपणा आहे.

कोकणात आणि गोव्यात प्रश्न बदलतो. तिथे वर जांभा. तो ओला असताना चिऱ्यांत कापता येतो आणि हवेत उघडा राहिला की टणक होतो. घर बांधायला याहून सोयीचा दगड नाही, आणि त्यावर टेकवलेला पायाही सहसा दगा देत नाही. पण जांभ्याच्या कठीण कवचाखाली पुष्कळ ठिकाणी पांढरट, गुलाबी, मऊ मातीचा जाड थर असतो, ज्याला भूशास्त्रज्ञ लिथोमार्ज म्हणतात. पाणी लागले की ती लोण्यासारखी वाहते. कोकण रेल्वेच्या कामात अशाच मऊ मातीतल्या बोगद्यांनी अभियंत्यांना सर्वांत जास्त झुंजवले. गोव्यातला पेडण्याचा बोगदा त्यांपैकी एक, आणि १९९८ साली मार्ग पूर्ण खुला होईपर्यंत ती झुंज चालली. घरासाठी उतार कापून सपाटी करताना कवच फोडून हा थर उघडा पडला, तर मागची दरड सुरक्षित राहत नाही. सह्याद्रीच्या उतारांवर तर मातीचा थर खडकावर केवळ टेकलेला असतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला तेव्हा दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. मुसळधार पावसाने फुगलेली माती खडकावरून निसटली की तिला अडवणारे काही नसते. उतारावर घर बांधताना आपल्या प्लॉटची माती पाहून भागत नाही, वरच्या डोंगराची पाहावी लागते. वाकलेली झाडे, नव्याने पडलेल्या अर्धवर्तुळाकार भेगा, अचानक फुटलेले किंवा गढूळ झालेले झरे या खुणा दिसल्या की तिथे पाया किती भक्कम आहे याला अर्थ उरत नाही.

शोषखड्ड्याची गोष्ट पायाच्या उलट आहे. सेप्टिक टँकमध्ये मैला तळाशी बसून कुजतो, पण बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते. त्यातले रोगजंतू मारण्याचे काम माती करते. पाणी मातीतून सावकाश, हवेच्या सोबतीने झिरपले तरच हे होते. म्हणून माती फार मंदही नको आणि फार वेगवानही नको. भारतीय मानक २४७० मधली चाचणी कोणालाही करता येईल अशी आहे. शोषखड्ड्याच्या खोलीपर्यंत अरुंद भोक घ्यायचे, तळाला ५ सेंटिमीटर खडी टाकायची, त्यावर ३० सेंटिमीटर पाणी भरून रात्रभर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटिमीटर पाणी ठेवून अर्ध्या तासात ते किती उतरते ते मोजायचे. यावरून २५ मिलिमीटर पाणी उतरायला किती मिनिटे लागतात ते काढतात. ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० मध्ये उथळ, लांब चर काढून पाणी पसरवावे लागते, आणि ६० च्या पुढे माती ते काम करणार नाही असे समजून फिल्टरची वेगळी व्यवस्था करावी लागते.

रात्रभर पाणी ठेवण्याची पायरी गाळायची नसते, विशेषतः काळ्या मातीत. मे महिन्यात या भोकात ओतलेले पाणी भेगांतून पाहता पाहता नाहीसे होते आणि जमीन उत्तम शोषते असे वाटते. जुलैमध्ये भेगा मिटल्या की तोच शोषखड्डा काठोकाठ भरून संडासात पाणी उलटे येते. देहूला डॉ. मापुसकर यांनी ग्रामस्वच्छतेचे काम सुरू केले, तेव्हा आधी बांधलेले संडास पावसाळ्यात कोसळले. त्यानंतर त्यांनी कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी रुजवलेल्या सोप्या संडासाचा आधार घेऊन गावाला पेलेल अशी रचना घडवली. सरकारी आराखडा सगळीकडे एकच असतो, जमीन गावागणिक वेगळी असते. हा फरक ज्यांनी मान्य केला त्यांचेच संडास वापरात राहिले.

उलट धोका मुरमाड आणि जांभ्याच्या जमिनीत आहे. तिथे पाणी कधीच तुंबत नाही, म्हणून सगळे समाधानी असतात. पण पाणी गाळले न जाताच खाली जाते. फुटलेल्या खडकाच्या सांध्यांतून ते एका विहिरीपर्यंत किती लवकर पोचेल याचा नेम नाही. मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर हवा. सांधे फुटलेल्या खडकात १८ मीटर हे अंतर किमान समजावे, पुरेसे नव्हे. विहीर उताराच्या वरच्या अंगाला आणि शोषखड्डा खालच्या अंगाला असावा. कोकणातल्या दाटीच्या वाड्यांत हे अंतर मिळत नाही. तिथे शोषखड्ड्याभोवती आणि तळाशी बारीक वाळूचा जाड थर देतात, तो काही अंशी गाळण्याचे काम करतो. तरीही अशा वाडीतल्या विहिरीचे पाणी दर पावसाळ्यानंतर तपासून घेणे शेजाऱ्यांचे आपापसातले कर्तव्य मानावे. घरापासूनच्या ६ मीटरांना काळ्या मातीत आणखी एक कारण आहे. शोषखड्डा जवळ असेल तर घराचा तेवढाच कोपरा बारमाही ओला राहतो आणि तो एकटाच वर उचलला जातो. टँक आणि घर वेगवेगळे हलतात, म्हणून त्यांना जोडणारा पाइप लवचीक सांध्याचा हवा. भूजल वर असताना, भर पावसाळ्यात, टँक पूर्ण उपसू नये. रिकामा टँक खालच्या पाण्याच्या दाबाने वर उचलला जातो.

बागेचा विचार सर्वांत शेवटी होतो, पण तिचे पहिले काम सर्वांच्या आधीचे आहे. पायाची आखणी होण्यापूर्वी वरची १५-२० सेंटिमीटर माती खरवडून एका कोपऱ्यात ढीग करून ठेवावी. जमिनीतला जिवंतपणा बहुतांश याच थरात असतो. तसे न केल्यास ती पायाच्या उकरीखाली गाडली जाते, वर मुरूम, चुना-सिमेंटचा राडा पसरतो, आणि घर झाल्यावर ट्रॅक्टरने विकतची ‘लाल माती’ आणावी लागते. ती कुठल्या तरी शेताची किंवा टेकडीची कातडी असते, हे लक्षात घेतले तर ढीग राखण्याचे कष्ट फार वाटणार नाहीत.

काळ्या जमिनीचा सामू सहसा ७.५ ते ८.५ असतो आणि खाली चुनखडी असते. अशा जागी झाडाला लोह मिळत नाही. नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक पाणी कमी पडले म्हणून आणखी पाणी घालतात आणि रोग वाढतो. भारी जमिनीत फळझाडासाठी मीटरभर खोल खड्डा करून त्यात पोयटा आणि शेणखत भरले, तर भोवतालच्या चिकणमातीमुळे त्या खड्ड्यात पाणी तुंबून राहते आणि मुळे सडतात. विदर्भातल्या संत्राबागांत डिंक्या रोग याच तुंबलेल्या ओलीवर पोसतो. तिथे उंच गादीवाफा करून झाड त्यावर लावणे हिताचे. मुरमाड जमिनीत खोल खड्डा उपयोगी पडतो. डाळिंब आणि सीताफळ तर हलक्या, निचऱ्याच्या जमिनीतच सुखी असतात. बालाघाटच्या उतारांवरची सीताफळे पाहिली की कमी मातीही योग्य झाडाला पुरते हे पटते. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी. आंबा-काजूला ती मानवते, पण घातलेले स्फुरद ती धरून ठेवते, म्हणून खत थोडे थोडे आणि शेणखतात मिसळून दिलेले बरे. सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठच्या काळ्या जमिनी अति पाण्याने क्षारपड झाल्या. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीच खारट. अशा भागात बागेआधी पाणी तपासावे. तेच खारे पाणी काँक्रीट कालवायला वापरले तर आतली सळईही गंजते.

मातीचा नमुना घेताना बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा टाळावी. चार-पाच ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्हीच्या आकाराचे खड्डे घेऊन त्यांच्या कडेची सलग पट्टी काढावी, सगळी माती सावलीत वाळवून मिसळावी आणि अर्धा किलो कृषी विज्ञान केंद्रात द्यावी. फळझाडे लावायची असतील तर फुटाफुटाच्या थरांचे वेगळे नमुने ९० सेंटिमीटरपर्यंत घ्यावेत, कारण चुनखडीचा थर वरच्या नमुन्यात दिसत नाही. चाचणी खड्डा उघडा असेल तर हे काम त्याच दिवशी होऊन जाते.

झाडांच्या जागा ठरवताना पाया आणि शोषखड्डा पुन्हा आड येतात. काळ्या मातीत मोठे झाड घराजवळ असेल तर त्याची मुळे उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेतात आणि तो भाग खचतो. झाड जेवढे उंच होणार तेवढे ते घरापासून दूर, हा ढोबळ नेम पाळावा. भिंतीला लागून हिरवळ करून तिला रोज पाणी देणे तितकेच घातक. शोषखड्ड्यावर वड, पिंपळ, उंबर किंवा नारळ लावत नाहीत, गवत किंवा हंगामी फुलझाडे लावतात. टँकची झाकणे मातीखाली न गाडता उघडी ठेवतात, आणि उपसणारी गाडी पोचेल एवढी वाट बागेतून मोकळी सोडतात.